सुकाणू आणि कासरा

हातखंब्याच्या लोकांनी हरिश्चंद्र तांडेलाचं नाव ‘पावसाळी जावई’ ठेवलं होतं. नावं ठेवण्यात या गावाचा हात कुणी धरणार नाही, आणि या नावात तर खोट काढायलाही जागा नव्हती. मचव्यावर सुकाणू धरणारा माणूस तो. नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात पडला की हा मंगळूर-कालिकतच्या वाटेला जो लागायचा, तो जेठ महिन्यात मचवा किनाऱ्यावर ओढून, नारळीच्या झापांनी शाकारून मगच बायकोच्या दारात उभा राहायचा. बायको मथुरा म्हणजे आप्पांची एकुलती एक लेक. म्हातारे आप्पा आणि त्यांची भाताची खाचरं सोडून ती जाणार कुठे? ती माहेरीच राहिली आणि हरिश्चंद्र समुद्राकडून डोंगराकडे येत-जात राहिला. तीन महिने नवरा आणि नऊ महिने नुसतं कुंकू, अशी बारा वर्षं गेली.

या बारा वर्षांत मथुरेनं एका शब्दानं कधी तक्रार केली नाही. फक्त निरोप द्यायला ती बंदरावर कधी आली नाही. रत्नागिरीचं बंदर नऊ मैलांवर होतं, पण तिनं ते डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. “जिथनं मानूस जातो तिथं माजा काय काम?” असं म्हणून ती उंबऱ्यावरूनच मागं फिरायची आणि दिवसभर म्हशीशी देखील बोलायची नाही.

तेहतीस सालच्या पावसाळ्यात हरिश्चंद्राचं नशीब उघडलं. रत्नागिरीला मुंबईची आगबोट काही किनाऱ्याला लागत नाही. ती दूर खोल पाण्यात उभी राहते आणि उतारूंना तिथून किनाऱ्याच्या वाळूवर, पुळणीवर, आणायचं काम पडाव नावाच्या वल्ह्यांच्या होड्या करतात. त्या पडावांवर एक जाणता सरंग, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, हवा होता. बोट कंपनीच्या कोठीवरच्या फणसे एजंटांनी हरिश्चंद्राला बोलावून घेतलं. फणसे एजंट म्हणजे घड्याळाला जन्मलेला माणूस. शिंक आली तरी आधी किती वाजले ते बघायचे.

“भादव्यात बोटी सुरू होतील,” ते म्हणाले. “सकाळी आगबोटीचा भोंगा थांबायच्या आत तुझा पाय मिरकरवाड्याच्या पुळणीवर दिसला पाहिजे. दसऱ्यापर्यंत बघतो. एक दिवस जरी चुकलास, तर जागा बाबल्याची. मग तू आपला मचवा धर आणि जा मंगळूरला.”

जागेचा दुसरा उमेदवार बाबल्या तिथंच उभा होता आणि हसत होता. त्याचं घर पुळणीपासून चाळीस पावलांवर होतं.

घरी येऊन हरिश्चंद्रानं बातमी सांगितली तेव्हा मथुरा तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“म्हंजे रोज रात्री घरी?” तिनं विचारलं.

“रोज.”

“भादव्यात पन? दिवाळीत पन?”

“शिमग्यात पन.”

मथुरा पुन्हा तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं हरिश्चंद्राच्या लक्षात आलं की ती खडे सुपात ठेवतेय आणि तांदूळ अंगणात फेकतेय. कोंबड्यांची चंगळ झाली. त्याच घडीला त्यानं मनाशी ठरवलं की काही झालं तरी ही जागा सोडायची नाही.

आता प्रश्न उरला नऊ मैलांचा. चालत जायचं तर तीन तास आणि परत यायचं तर चढाचे साडेतीन. सर्व्हिस मोटार होती, पण ती भरल्याशिवाय सुटायची नाही आणि भरायची तेव्हा आगबोट मालवणला पोचलेली असायची. त्याच सुमारास रत्नागिरीच्या एका ओव्हरसियरची बदली झाली आणि त्याची जुनी फटफटी विकायला निघाली. सायकलीला इंजिन चिकटवावं एवढीच ती गाडी, दीड घोड्याची ताकद असलेली. हरिश्चंद्रानं मचव्यातला आपला वाटा मोडला आणि ती घेतली. चालवता कुठे येत होती! दीड घोड्याची गाडी दोन बैलांच्या गाडीत आडवी पडून हातखंब्याला आली.

आप्पांनी तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या.

“दीड घोडा?” ते म्हणाले. “एक समजला. अर्धा कुठला, फुडला की मागला?”

ओव्हरसियरचा पट्टेवाला रामा गाडीबरोबर आला होता. त्यानं पेट्रोलात तेल कसं मिसळायचं, गाडी पळत ढकलून इंजिन धरलं की उडी कशी मारायची आणि पायाखालचा दांडा दाबला की रबराचा ठोकळा चाकाच्या कडेला घासून ती थांबते कशी, हे सगळं दाखवलं. वळवायची कशी हे दाखवलं नाही. ते काय दाखवायचं, असं त्याला वाटलं. चहा पिऊन तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव खळ्याच्या कडेनं जमला. हरिश्चंद्रानं डोक्याला रुमाल बांधला, देवाचं नाव घेतलं, गाडी ढकलली, इंजिन फटफटलं आणि त्यानं उडी मारली. समोर आप्पांचा पडवळाचा मांडव होता. उजवीकडे मोकळी पाणंद होती. हरिश्चंद्राला अर्थातच उजवीकडे जायचं होतं. पण वीस वर्षं त्याच्या हातानं एकच विद्या शिकली होती. मचव्याचं नाक उजवीकडे न्यायचं तर सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलायचा. हातानं इमानानं ढकलला. गाडी डावीकडे वळली. ‘अजून उजवीकडे!’ असं मन ओरडलं तसा हातानं दांडा अजून डावीकडे लोटला आणि पुढच्या क्षणी मांडव, वेल, हरिश्चंद्र आणि फटफटी एकाच ढिगात पडली होती. तो उठला तेव्हा त्याच्या गळ्यात दोन पडवळं लोंबत होती.

लोक हसून हसून खाली बसले. त्याला मात्र राग आला नाही. उलट असा आनंद झाला की तो पडवळांसकट पुन्हा गाडी ढकलायला लागला. मांडवापर्यंतच्या त्या वीस हात वाटेत त्यानं जी हवा खाल्ली होती, तशी भरल्या शिडाखाली सुद्धा कधी खाल्ली नव्हती.

दुसऱ्या खेपेला त्याला म्हैस चुकवायची होती आणि तो थेट म्हशीकडे गेला. म्हैस शहाणी, तीच बाजूला झाली. तिसऱ्या खेपेला त्यानं शेणकी गाठली. चौथ्या खेपेला गंगुबाईच्या, म्हणजे शेजारणीच्या, न्हाणीच्या झापांतून तो आत शिरला. नशिबानं आत कुणी नव्हतं, पण गंगुबाईनं त्याच्या सात पिढ्यांची अंघोळ काढली.

या सगळ्या वेळात मथुरा कमरेवर हात ठेवून गोठ्याच्या दाराशी उभी होती. हसली नाही, ओरडली नाही. चौथ्या खेपेनंतर ती पुढे आली.

“तुमाला जिकडं जायाचा हाय, त्याच्या उलट्या बाजूला का ढकलताव?”

“सुकाणू उलटाच ढकलतात,” हरिश्चंद्र शेण पुसत म्हणाला.

“ही काय व्हडी हाय? जमिनीवर चालता ता जनावर. बैल जिकडं न्यायचा तिकडचा कासरा वढायचा. इतका सोपा हाय.”

“हाताला कळत नाय गो. डोक्याला कळला, पन हात आयकत नाय.”

मथुरेनं क्षणभर विचार केला. मग ती गोठ्यात गेली, खुंटीवरचा कासरा काढला, त्याचं एक टोक गाडीच्या उजव्या मुठीला बांधलं आणि दुसरं डाव्या मुठीला. लुगड्याचा कासोटा घट्ट केला आणि सामानाच्या मागच्या जाळीवर टांग टाकून बसली. हसून खाली बसलेले लोक उठून उभे राहिले.

“आप्पा, ढकला,” ती म्हणाली, आणि मग नवऱ्याला, “तुमी फकस्त इंजिन बघा. मी हाकते.”

आणि मथुरेनं फटफटी हाकली. “हिर्रऽऽ!” करून उजवा कासरा ओढला की गाडी उजवीकडे, डावा ओढला की डावीकडे. हरिश्चंद्र मध्ये बसला होता तो केवळ शोभेला. पाणंदीतून देवळापर्यंत, देवळाला वळसा घालून परत, गंगुबाईच्या न्हाणीला लांबून नमस्कार करून दोघं खळ्यात आली. गाव ओरडत होता. आप्पा तर एवढे खूष झाले की मोडलेल्या मांडवातलं पडवळ उचलून त्यांनी गाडीपुढे धरली.

पंधरा दिवस नवरा-बायको अशी फिरली. नारळी पौर्णिमा आली आणि गेली, आणि पावसाळी जावई अजून हातखंब्यातच आहे हे बघायला लोक मुद्दाम दारावरून जायचे. हळूहळू हरिश्चंद्राच्या हाताला कासऱ्याचं गणित कळलं. भादव्यात पहिल्या बोटीच्या दिवशी मथुरेनं कासरा परत खुंटीला टांगला आणि तो एकटा निघाला. भोंगा होण्याच्या आधी तो पुळणीवर उभा होता. फणसे एजंटांनी घड्याळ बघितलं. बाबल्यानं नुसतं आकाश बघितलं.

त्या महिन्यात हरिश्चंद्राला जे काही झालं त्याला दुसरा शब्द नाही, त्याला चढली होती. अडतीस वर्षांचा बाप्या, पण पहाटे फटफटीचा आवाज झाला की तो पोरासारखा खुदकन हसायचा. कुवारबावच्या अलीकडे सडा लागला, म्हणजे तो लाल कातळाचा सपाट माळ, की तो गाडी मोकळी सोडायचा आणि एकटाच मोठ्यानं गायचा. काय गायचा ते त्यालाही ऐकू यायचं नाही. कधी प्लग काळा पडायचा, कधी साखळी उतरायची, कधी पेट्रोल संपून तो अर्धा मैल ढकलत यायचा, आणि ढकलताना सुद्धा गाडीशी लाडात बोलायचा.

आणि घर! बारा वर्षं तो ज्या घरात पाहुण्यासारखा राहिला होता, ते त्याला आत्ता कुठे दिसायला लागलं. भात पसवतं कसं, लोंबी बाहेर येते कशी, हे त्यानं या वर्षी पहिल्यांदा पाहिलं. मथुरा म्हशीची धार काढताना तिला गावातल्या सगळ्या भानगडी सांगते, हे कळलं. ती घोरते हे ठाऊक होतं, पण आता दर्याच्या गाजेपेक्षा त्याला त्या घोरण्यात जास्त गाढ झोप लागायला लागली. संध्याकाळी वळणावर फटफट ऐकू आली की ती चुलीवर भाकरी टाकायची, आणि तो दारात येईपर्यंत भाकरी फुगलेली असायची.

एकच गोष्ट त्यानं तिच्यापासून लपवली होती. सड्यावर भरधाव असताना एकदोनदा त्याचा हात विसरला, जुन्या सवयीनं सुकाणूसारखा उलटा गेला, आणि गाडी खड्ड्यात जायच्या ऐवजी मचव्यासारखी कलून जिकडे हवी तिकडेच गेली. हळू चालताना कासऱ्याचं खरं आणि पळताना सुकाणूचं, असं कुठे असतं का? त्याला वाटलं आपल्याला भास झाला. मथुरेला हे सांगायची त्याची छाती झाली नाही.

दसरा आला. परीक्षेचा शेवटचा दिवस.

आदल्या दिवशी खंडेनवमीला हत्यारं-अवजारं घासूनपुसून ठेवायची म्हणून हरिश्चंद्रानं गाडीला आंघोळ घातली. आंघोळीनंतर काय? मचव्याला काय करतात? माशाचं तेल चोपडतात. ते तेल अंगाला लागलं की लाकूड वर्षभर कुजत नाही. हरिश्चंद्रानं मिरकरवाड्याहून एक बाटली भरून आणलं होतं. गाडी वर्षानुवर्षं टिकावी म्हणून त्यानं मोठ्या मायेनं, एक बोटभर जागा न सोडता, मुठीपासून चाकांच्या कडांपर्यंत तेल चोपडलं. फटफटी अशी चकाकायला लागली की आप्पांनी तिच्यात बघून पागोटं सारखं केलं. वासानं गावातली सगळी मांजरं दारात येऊन बसली.

दसऱ्याच्या सकाळी मथुरेनं गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, आंब्याचे टहाळे खोचले, आणि बैल सजवावा तसा नवा गोंडेदार कासरा दोन्ही मुठींना बांधला. हा कासरा नुसता मानाचा होता. कुंकू लागलं, नारळ फुटला आणि आप्पा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे म्हणाले.

“आज ह्या तुज्या लेकरानं दीड घोड्याची गाडी केलीय, ती तुज्या पायाशी उभी हाय!”

“व्हय म्हाराजा!”

हरिश्चंद्रानं आकाशाकडे बघितलं. निघायची वेळ झाली होती. पण आप्पांनी आता कुठे ग्रामदेवता आटोपून वाटेवरच्या देवांना हात घातला होता. हातखंब्यापासून बंदरापर्यंतचा एकेक चव्हाटा, एकेक पार, एकेक पिंपळ त्यांनी घेतला. मग मेलेली माणसं घेतली. मग म्हणाले, “जो कोन ह्या गाडीवर वाकडी नजर टाकील त्याची नजर वाकडीच ऱ्हाव दे!” आणि लोकांनी खुशीनं दोनदा ‘व्हय म्हाराजा’ केलं. गाऱ्हाणं मध्ये तोडायची रीत नाही. तोडलं तर वर्ष फुकट. हरिश्चंद्र हात जोडून उभा राहिला आणि त्याच्या कपाळावरचा घाम कुंकवात उतरला.

गाऱ्हाणं संपलं तेव्हा उन्हं अंगणात आली होती.

त्यानं गाडी ढकलली. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा ढकलली. पुन्हा गप्प. मथुरेच्या तोंडचं पाणी पळालं. बाबल्या पुळणीवर उभा असेल, हे तिनं त्याला कधी बघितलं नसताना सुद्धा तिला स्वच्छ दिसलं. तिनं कासऱ्याचा पीळ हाताला गुंडाळला आणि मागून जाळीला खांदा लावला. पाणंदीच्या उतारावरून दोघं जिवाच्या आकांतानं धावली. इंजिन धरलं! हरिश्चंद्रानं उडी मारली.

“सोड आता!” तो ओरडला.

पण सोड म्हटल्यावर सोडील ती मथुरा कसली. जे हातात धरलं ते सोडायचं तिला कुणी शिकवलंच नव्हतं. कासरा हाताशी, गाडी पुढे, आता थांबवली तर इंजिन पुन्हा धरेल याचा नेम नाही. तिनं चार उड्या टाकल्या आणि पाचवी जाळीवर टाकली.

“चला!” ती म्हणाली.

“बंदरावर जायाचा हाय, मथुरे!”

“म्हाइत हाय. चला!”

सडा लागला आणि हरिश्चंद्रानं गाडी मोकळी सोडली. मथुरा आजवर गाडीवरून देवळाच्या फेरीपलीकडे गेली नव्हती. पदर फडफडला, झेंडूच्या पाकळ्या सुटून तोंडावर आल्या, आणि आधी ती किंचाळली, मग देवाला हाका मारल्या, आणि मग हसायला लागली. ते हसू थांबेचना. तिच्या हसण्याचे धक्के त्याच्या पाठीला लागत होते. उशीर झालाय, जागा जायची वेळ आलीय, हे सगळं ठाऊक असून तोही हसत सुटला. कुवारबाव आलं कधी आणि गेलं कधी हे दोघांनाही कळलं नाही.

मग शहराची उतरण लागली. हरिश्चंद्रानं ब्रेकवर पाय दिला. गाडीनं दखलही घेतली नाही. त्यानं पुन्हा, उभं राहून, सगळा भार टाकून दाबला. रबराचा ठोकळा तेलकट कडेवरून गुळगुळीत घसरला.

“काय झाला?” मथुरेनं विचारलं.

“ब्रेक लागत नाय.”

“का?”

“काल तेल चोपडला.”

“ब्रेकाला?”

“सगळ्याला!”

इंजिन बंद केलं तरी उतरण काही बंद होणार नव्हती. आणि पुढच्या वळणाशी गवताच्या भाऱ्यांनी लादलेली एक बैलगाडी रस्त्यावर आडवी उभी होती. गाडीवान विठू भाऱ्यांवर झोपला होता, आणि त्याचे बैल डाव्या अंगाच्या झुडपात तोंड घालून चरत होते. उजवीकडे गाडीची मागची बाजू आणि दगडांचा गडगा यांच्यामध्ये एक माणूस अंग चोरून जाईल एवढी फट होती.

मथुरेनं फट बघितली आणि उजवा कासरा ओढला. फटफटी डावीकडे, बैलांकडे कलली. मथुरेनं दात-ओठ खाऊन अजून ओढला. फटफटी अजून बैलांकडे गेली. बैलांनी माना वर केल्या. आणि त्या क्षणी हरिश्चंद्राला सड्यावरचा तो भास आठवला. तो भास नव्हताच.

“मथुरे, कासरा सोड!”

“मरायचा हाय काय?”

“सोड गो! आता हा बैल नाय, मचवा झालाय!”

पुढं कितीदा तरी हरिश्चंद्रानं ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी तो इथं थांबायचा. कारण गाडी वळली याचं त्याला तेवढं नवल नव्हतं. मथुरेनं कासरा सोडला. जन्मात पहिल्यांदा हातातलं काही सोडलं, आणि ते दोन्ही हात तिनं त्याच्या कमरेला घातले. एवढ्या घट्ट की त्याचा श्वास अडकला. त्यानं डोळ्यांनी उजवीकडची फट धरली आणि हात सुकाणूचा दांडा ढकलावा तसा डावीकडे लोटला.

फटफटी उजवीकडे कलली. भरल्या शिडाचा मचवा कलतो तशी कलली आणि सुळकन फटीतून गेली. गडग्यानं त्याचा गुडघा सोलला, भाऱ्यांनी मथुरेच्या अंबाड्यात गवत खोचलं, आणि दोघं पलीकडे होती. विठू जागा झाला तेव्हा त्याला फक्त गर्जना ऐकू आली, झेंडूच्या पाकळ्या दिसल्या आणि माशाचा वास आला. दसऱ्याला देवी स्वतः आपल्या गाडीजवळून गेली, असं तो मरेपर्यंत सांगत होता. वासाचं तेवढं गाळायचा.

“आनि एकदा!” मथुरा मागून ओरडली. “समोर डावीकडं वळान हाय. कुठं ढकलायचा?”

“उजवीकडं!”

“मंग ढकला!”

उजवीकडे ढकल, डावीकडे जा. डावीकडे ढकल, उजवीकडे जा. असं शहर त्यांनी पार केलं. बाजारात लोक दुकानांच्या पायऱ्यांवर चढले. एका भटजींनी सोवळ्यासकट गटार ओलांडलं. मिरकरवाडा आला तशी पहिल्यांदा एक मांजर मागं लागली, मग चार, मग मोजायची सोय राहिली नाही. समोर पाणी चमकलं. आगबोटीचा धूर दिसला. आणि भोंगा सुरू झाला.

लांबच लांब भोंगा. पुळणीवर फणसे एजंट घड्याळ हातात घेऊन उभे होते, आणि त्यांच्या शेजारी नवी कोरी टोपी घालून बाबल्या.

“थांबवनार कशी?” मथुरेनं विचारलं.

“मचवा थांबवतात तशी!” हरिश्चंद्र म्हणाला, आणि त्यानं गाडी थेट पुळणीवर घातली. मऊ वाळूत पुढचं चाक रुतलं. फटफटी जागच्या जागी उभी राहिली. वर बसलेली दोघं मात्र थांबली नाहीत. झेंडू, गवत आणि कुंकू यांच्यासकट ती फणसे एजंटांच्या पायाशी येऊन पडली, आणि त्यानंतर भोंगा थांबला.

एजंटांनी घड्याळ बघितलं. खाली बघितलं. पुन्हा घड्याळ बघितलं.

“मी पाय म्हटलं होतं,” ते म्हणाले. “तू तर सगळाच आलास. ऊठ, सरंग. पडाव थांबलेत.”

बाबल्यानं टोपी काढून खिशात घातली. मग तो मांजरं हाकलायला पुढे आला, म्हणजे माणूस तसा वाईट नव्हता.

हरिश्चंद्रानं मथुरेला हात देऊन उठवलं. तिनं अंगावरची वाळू झटकली आणि मान वर केली. दर्या तिच्यासमोर होता. इतकं पाणी एका ठिकाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिचं हसू ओसरलं. बारा वर्षं तिचा माणूस जिथून निघून जायचा ती ही जागा, आणि आत्ता याच घडीला तो पुन्हा इथूनच होडीत चढणार होता. तिला इथं आणायला नको होतं, असं हरिश्चंद्राला वाटलं.

“किती वेळ?” तिनं विचारलं.

“ती बोट दिसते ना? तिथपर्यंत. अर्ध्या तासात आलो.”

तो पडावात चढला. वल्ह्यांचे लोक त्याच्या तोंडाकडे बघत होते म्हणून त्यानं त्यांना दोन शिव्या घातल्या आणि सुकाणू धरलं. मागं वळून बघायचं नाही असं ठरवून त्यानं सात-आठ वेळा वळून बघितलं. मथुरा फटफटीजवळ उभी होती, एक हात मुठीवर ठेवून, जनावर बिथरू नये म्हणून धरतात तशी.

दसऱ्याची बोट ती. मुंबईकरांनी ओथंबलेली. पेट्या, वळकट्या, रडणारी पोरं, एका म्हातारीचा पोपट, हे सगळं उतरवून घेता घेता वेळ गेला. पडाव परत फिरला तेव्हा हरिश्चंद्रानं कपाळावर हात धरून पुळण शोधली. फटफटी दिसली. तिच्याजवळ कुणी नव्हतं. “मारा रे वल्ही!” तो ओरडला.

मग त्याला ती दिसली. ती पाण्यात होती. ज्या दर्याकडे तिनं बारा वर्षं पाठ फिरवली होती, त्याच्यात गुडघ्याएवढं लुगडं वर धरून, अंबाड्यात गवत तसंच, कपाळाला आठ्या घालून उभी होती. पडाव टेकायच्या आधीच तिचा आवाज आला, आणि तो सगळ्या बंदराला ऐकू गेला.

“अर्धा तास म्हनलाव! एजंटांच्या घड्याळात आता पाऊन तास झाला!”

उतारू हसले. वल्ह्यांचे लोक हसले. नऊ-नऊ महिने वाट बघून एक शब्द न बोललेली मथुरा पाव तासासाठी भांडायला उठली होती. हरिश्चंद्रानं पाण्यात उडी मारली. तो हसत हसत तिच्याकडे आला.

“हसताव काय?” ती म्हणाली. “येवढा वाट बघायला लावतात काय मानसाला?”